नेलिमाची उत्तरं

केनियातल्या बुंगोमाच्या बाजारात मांदाझी, म्हणजे तळलेले गोड पाव, विकायला गेलेली नेलिमा घरी परतलीच नाही. तिची आई नासांबू रडत शाळेत आली, तेव्हा मास्तरांनी टॅब्लेट पुढे धरला.

"रडता कशाला, आई? पोरगी खुशाल आहे. गटाचा अभ्यास रोज पाठवते. हे बघा, कालचं उत्तर. म्हणून तर मी चौकीवर सांगितलं, शोधू नका, रुसून गेली असेल."

नासांबूनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "जिवंत आहे गं माझी बाई!" मग ती वर्गात बसलेल्या, नेलिमाच्या गटातल्या मुलांकडे वळली. "बाळांनो, विचारा ना तिला, कुठं आहेस म्हणून."

त्यांच्यातला बरासा पुटपुटला, "आई, ती गेल्यापासून तिची उत्तरं आम्हीच पाठवतो. एकाचं राहिलं, की सगळ्या गटाचे गुण कापतात."