हलकी सुई

क्लॅरीच्या बायकोचा, मर्लचा आवाज जगात एकाच तबकडीवर उरला होता: लग्नाआधी बॅलरॅटच्या जत्रेत तिने हौसेने भरून घेतलेलं एक गाणं. ती गेल्यापासून दर रविवारी तो ते लावायचा. हल्ली गाणं चरचरायला लागलं, म्हणून त्याने शेजारच्या नेव्हला बोलावलं. नेव्हने सुईखाली चिमुकला वजनकाटा ठेवला.

"म्हाताऱ्या, एकच ग्रॅम? दोन हवेत!"

"तिला टोचायला नको म्हणून रे."

"अरे गाढवा, हलकी सुई खाचेत ठरत नाही. उड्या मारते, खाच खरवडते."

नेव्हने वजन वाढवलं, मापपट्टीच्या रेघांशी जुळवून सुई सरळ केली. तबकडी फिरली. आता सुई इतकी नीट चालली, की सात वर्षं जपून जपून मर्लच्या आवाजावर पाडलेला एकेक ओरखडा क्लॅरीला स्वच्छ ऐकू आला.