लांबचा जानेवारी

"इसार दिलास ना? मग मुदत संपेपर्यंत जागचं हलायचं नाही. मधेच उठतो तो दोन्हीकडून जातो."

वडिलांचा आवाज दादाच्या कानात अजून तसाच होता. ते मोहोर बघून बागांचे सौदे करायचे. थोडा इसार द्यायचा आणि ठरल्या भावानं फळ घेण्याचा हक्क मिळवायचा. फळ धरलं तर घ्यायचं, नाही धरलं तर इसारावर पाणी सोडायचं. शेअर बाजारातला ऑप्शन म्हणजे तरी दुसरं काय, असं दादा म्हणे.

बहिणीच्या चष्म्यांच्या दुकानात तो स्टुलावर बसला होता. एका डोळ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी, दुसऱ्यापुढे धुकं. ज्या कारखान्यात उमेदीची वर्षं घातली त्याचा शेअर जानेवारीपर्यंत चढणार, याची त्याला खात्री होती. होती ती सगळी पुंजी त्यात घालायची, आणि मुदत संपली की कायमचं मुलाकडे जायचं. सुनेच्या दारात रिकाम्या हातानं उभं राहायचं नव्हतं. बायको गेल्यापासून तो इथेच, दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होता. बहिणीला तरी दुसरं कोण होतं? पण पाहुण्यानं किती राहावं, असं त्याचं म्हणणं.

"जानेवारीचे घे, चिमणे. बसतील तेवढे."

पडद्यावरची यादी बहिणीनं वरखाली केली. "जानेवारी," म्हणाली आणि बटण दाबलं. थोडेच आले, असं तिनं सांगितलं. दादाला वाटलं, भाव चढला असेल.

पट्टी निघाली त्या दिवशी त्यानं पडद्यावर स्वतः पाहिलं, आणि त्याचा आवाज ऐकून फ्रेम निवडणारं गिऱ्हाईक हातातली फ्रेम ठेवून निघून गेलं. महिना जानेवारीच होता. पण येणारा नव्हे, त्याच्या पुढचा.

मग त्यानं तिला शाळकरी पोरीसारखं समोर बसवून समजावलं. जवळच्या महिन्यांचे ऑप्शन स्वस्त. एका महिन्याची मुदत ठरल्या शुक्रवारी संपते, की रांगेच्या शेपटाला नवा महिना येऊन उभा राहतो. जानेवारी मात्र वर्षभर, दोन वर्षं आधीपासून विकायला असतो. मुदत जितकी लांब तितका इसार जड, कारण तिथं वेळसुद्धा विकत घ्यावा लागतो. तेवढ्याच पैशांत जवळचे ढीगभर आले असते.

"सगळ्या गल्लीचे डोळे तपासतेस आणि तुला वर्ष दिसलं नाही? आंधळं दळतं न् कुत्रं पीठ खातं."

"आकडा बारीक होता, दादा," ती म्हणाली आणि काच पुसत राहिली.

आहेत ते विकून जवळचे घ्या, असं दलालानं फोनवर सुचवलं. पण वडिलांचा आवाज आडवा आला. मुदतीआधी दादानं आजवर काही सोडलं नव्हतं. मुलानं खोली रंगवून ठेवली होती. त्याला कळवावं लागलं की अजून एक जानेवारी थांब.

आधी तुझे डोळे तपास, असं टुमणं त्यानं बहिणीच्या मागे लावलं. तिनं मुकाट्यानं स्वतःसाठी चष्मा केला. तरी जेवताना एकदा तरी तो विषय निघायचाच. चपाती करपली तरी दादा विचारायचा, हीसुद्धा बारीक होती का? ती हसायची नाही, चिडायचीही नाही. त्यानं तो जास्तच वैतागायचा.

नुसतं बसून चीड वाढते म्हणून तो दुकानात हातभार लावू लागला. काच धरून खिडकीच्या गजाकडे बघायचं, तिनं शिकवलं. काच हलवली की गज हलला, तर नंबर आहे. गज जागचा ढळला नाही, तर साधी काच.

येणारा जानेवारी आला. त्याआधीच कारखान्यात संप झाला होता, शेअर गडगडला होता. जवळचे घेतले असते तर एकूण एक रद्दी झाले असते.

"आंधळ्याच्या गायी देव राखतो," दादा पुटपुटला. पण आपलेही सुकत चाललेत हे बघून पुन्हा धुमसू लागला. शुक्रवारमागून शुक्रवार लोकांच्या मुदती संपत, नवे महिने रांगेत येत. त्याचा जानेवारी मात्र डोंगरासारखा, चालावं तितका लांबच. या बाईच्या एका चुकीपायी जन्म टांगून ठेवलाय, असं तो दलालाला ऐकवायचा. दलाल म्हणायचा, टांगलेलं पडलं तर नाही ना?

शेवटी संप मिटला, शेअर सावरला. ठरल्या शुक्रवारी मुदत संपली तेव्हा शेअर ठरल्या भावाच्या वर होता. घबाड नव्हतं, पण हात रिकामा राहणार नव्हता. दादानं बॅग भरून जिन्यापाशी ठेवली. बहिणीनं वाटेसाठी डबा भरला, झाकण नीट लागलं का ते परत परत पाहिलं.

जमा झाल्याचा निरोप वाचायला दादानं काउंटरवरचा चष्मा डोळ्यांवर चढवला. अक्षरं पुसटच. काढून पाहिलं, तरी तितकीच पुसट. आपला चष्मा खिशात आहे, हा तर चिमणीचा, हे त्याच्या ध्यानात आलं.

सवयीनं त्यानं तो खिडकीपुढे धरला. डावीकडे हलवला, उजवीकडे हलवला.

गज जागचा ढळला नाही.

"चिमणे, ही तर साधी काच आहे."

ती डब्याच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिली.

"वर्ष मला दिसलं होतं, दादा. तू जानेवारीत जाणार म्हणालास, म्हणून मी सगळ्यात लांबचा जानेवारी शोधला."