मजेत असलेली शेळी

तपासणीच्या टेबलावरची शेळी गळ्यातल्या डबीतून म्हणाली, "मी मजेत आहे."

"घ्या!" तिची मालकीण गुणाबाई म्हणाली. "ती स्वतःच सांगतेय. मलाच मेली उगीच काळजी."

केतकी पशुपरिचारिकेच्या प्रात्यक्षिकाला दुसऱ्यांदा बसली होती. डब्या आल्यावर, जनावरं बोलू लागल्यावर हा अभ्यासक्रम सोपा होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. झालं इतकंच, की पेशंट आता माणसांसारखे खोटं बोलू लागले. ही शेळी मजेत होती, पण दात करकर वाजवत होती आणि तिची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली होती.

केतकीने गुणाबाईला चहाला पाठवलं.

"गेली?" शेळीने विचारलं. "पोट जाम दुखतंय. तिला सांगू नकोस. आजारी शेळीला खाटीक नेतो."

पेशंटचं गुपित मालकाला सांगणारा नापास, हे परीक्षक सामंत सरांनी सकाळीच बजावलं होतं. मालकाच्या परवानगीवाचून औषध पाजणाराही नापास. केतकीने घाम पुसला आणि गुणाबाईला आत बोलावलं.

"मावशी, हिला विकायचा विचार आहे का हो?"

"हिला?" गुणाबाई भडकली. "बाटलीने दूध पाजून वाढवलीय मी! आधी नवऱ्याला विकीन."

कोपऱ्यात गुण लिहीत बसलेल्या सामंत सरांनी मान वर केली. डबी जरा खरखरली.

"पोट दुखतंय," शेळी हळूच म्हणाली. "कालपासून."

"मग काल तोंड शिवलं होतं का तुझं, भवाने?" गुणाबाईने तिचं डोकं छातीशी धरलं आणि ती केतकीवर खेकसली, "बघतेस काय? पाज की औषध!"