बोटाएवढी खूण

"इंजिन, बॉडी, सगळे नंबर जुळतात. ओरिजिनल मस्टँग आहे, एकदाही ठोकलेली नाही," गाडीचा गोरा मालक म्हणाला. मी इंजिनवर टॉर्च मारला. मुलगा अपघातात गेला, तेव्हा त्याची चेपलेली मस्टँग विमा कंपनीने नेली. तशीच दुसरी घ्यायचा हट्ट माझाच. बायको गॅरेजच्या दारातच थांबली होती. "हा खरा पुरावा!" मालकाने इंजिनामागचा पत्रा दाखवला. तिथे बोटाएवढा लाल डाग होता. "फॅक्टरीतल्या इन्स्पेक्टरची खूण. सगळं नव्याने रंगवलं, पण एवढं जपलं." बायको पुढे आली. तिने डागावर अनामिका टेकवली. डाग नेमका झाकला गेला. "माझंच कुंकू आहे हे, दसऱ्याच्या पूजेचं," ती म्हणाली. "पुसलं जाऊ नये म्हणून तेलात कालवलं होतं. 'आई, नॉट ऑन द पेंट!' म्हणून किती ओरडला होता, मग इथे आत लावलं." मालक बोनेट लावायला आला. तिने बोट काढलं नाही.