मावशींची बाजू

भांडी घासून शेवंतामावशी पदराला हात पुसत बाहेर पडल्या, तोच मागे पुन्हा नळ सुरू झाला. सून तीच भांडी परत घासायला बसली होती. मावशींचे डोळे अधू झाल्यापासून हे रोजचंच होतं. त्यांनी वळून पाहिलं नाही. दुपारच्या गोधडीवर तरी त्यांच्या हातामागून कुणाचा हात फिरत नसे. आळीतल्या बायकांना टाका घालायला शिकवलं होतं त्यांनीच.

इंदूच्या ओसरीवर गोधडी पसरली होती, चारी कडांना बायका बसल्या होत्या. "या मावशी, तुमची सुई ओवून ठेवलीय," म्हणत इंदूनं सुई त्यांच्या चिमटीत दिली.

मावशी शिवू लागल्या. कुणीतरी आपल्या विहिणीची नक्कल केली, त्याही पोटभर हसल्या. मग सवयीनं त्यांनी शिवलेल्या ओळीवरून अंगठा फिरवला. तांदळाच्या दाण्यांसारखे टाके बोटाला लागायला हवे होते. कापड नुसतं सपाट लागलं. त्यांनी सुईचं नेढं चाचपलं. दोरा नव्हता. निसटला म्हणावं, तर मांडीवरही नव्हता.

भोवतीच्या गप्पा एकदम थांबल्या.

"इंदू," मावशी म्हणाल्या.

"काय मावशी?"

"काही नाही गं. माझी बाजू होत आली," म्हणून मावशींनी पुढचा टाका घातला.