अठरावी चूक

कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये अपूर्वा एकटीच गेम बनवत होती. गेम बनवणाऱ्यांच्या अकरा ऑनलाइन ग्रुपमध्ये शिरून ती परत फिरली होती; जो तो आपल्याच गेमची जाहिरात चिकटवून पळत होता. बाराव्यात ‘टर्टल’ भेटला. त्याने तिचा गेम शेवटपर्यंत खेळून सतरा चुका इंग्रजीत लिहून पाठवल्या. तो परदेशातला असणार, हे ती धरूनच चालली होती.

आज दोघं पहिल्यांदा कॉलवर आले. तेवढ्यात खिडकीखालून भंगारवाला ओरडला. अर्ध्या सेकंदाने तीच आरोळी तिच्या हेडफोनमध्ये घुमली.

“सॉरी, एको येतोय,” म्हणत तिने स्वतःचा माइक बंद केला.

भंगारवाला पुन्हा ओरडला. हेडफोनमध्ये पुन्हा तेच.

“एक्स्क्यूज मी,” टर्टल म्हणाला. आणि मग, “अहो भंगारवाले, थांबा!”

हेही तिला दोनदा ऐकू आलं.

ती गॅलरीत धावली. समोरच्या गॅलरीत हेडफोन लावलेले एक आजोबा रद्दीचा गठ्ठा घेऊन उभे होते.

“ओ टर्टल!” ती ओरडली.

आजोबा हसले.

“माइक बंद आहे तुमचा, पण ऐकू येतंय. चहाला या. अठरावी चूक सापडलीय.”