हातांचा अबोला

आईने टेबलावर हात आपटला, तशी खिडकीशी उभी असलेली खळी वळली.

"बस जरा. आल्यापासून नुसत्या येरझारा घालते आहेस," आई खुणांनी म्हणाली.

आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. या घरात जे काही बोलणं व्हायचं ते हातांनी. भांडणंसुद्धा. मुलीच्या नावाचीही तिने एक खूण करून ठेवली होती. गालावर बोट टेकवायचं आणि किंचित फिरवायचं. म्हणून ती खळी. आता चाळिशीला आली तरी खळीच.

खळी बसली. बसलं की कंबर आखडायची, उभं राहिलं की टाच ठणकायची, त्यामुळे हल्ली तिला दोन्हीपैकी एकही धड जमत नव्हतं. ती पुन्हा उठली. तहान नसताना स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली. पेला तिने दोन्ही तळव्यांमध्ये धरला, बोटं न वाकवता. परत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकली.

"जेवून आलीस?" आईने विचारलं.

"हो."

"जावई बरे आहेत?"

"बरे."

"कामाचा फार ताप आहे का?"

"नाही."

आईचे हात क्षणभर हवेत थांबले. मग भराभर चालू लागले.

"तार आल्यासारखी बोलतेस. हो, नाही, बरे. महिना झाला बघते आहे. पूर्वी तुझे हात थांबायचे नाहीत, मलाच सांगावं लागायचं, बाई, जरा श्वास घे. माझं काही चुकलं? जावई काही बोलले? म्हातारीचा कंटाळा आला असेल तर तसं सांग. भांड माझ्याशी. पण हा अबोला नको."

"अबोला नाही, आई," खळी म्हणाली आणि हात पुन्हा मांडीवर ठेवले. एवढ्यानेच कळ मनगटापर्यंत गेली होती.

तिचं कामही हातांचंच होतं. ती दुभाषी होती. कोर्टात, इस्पितळात, ज्यांना ऐकू येत नाही त्यांचं म्हणणं ती ऐकणाऱ्यांना सांगायची. कुठे दुखतं, केव्हापासून, ठणकतं की टोचतं, अशी कितीतरी जणांची दुखणी तिने डॉक्टरांपर्यंत पोचवली होती. स्वतःचं मात्र तिला नवऱ्यालाही नीट सांगता आलं नव्हतं. रक्ताचा रिपोर्ट बघून तो म्हणाला होता, "काहीच निघालं नाही ना? मग सुटलीस की!" बिचारा मनापासून म्हणाला होता. त्या दिवसापासून घरात तिने दुखण्याचं नाव काढलं नव्हतं. सकाळी तो उठायच्या आत उठून ती गरम पाण्यात हात बुडवून बसायची, मुठी वळायला लागेपर्यंत.

आई वाट बघत होती. खळीने ठरवलं, सांगून टाकायचं.

पण या आजाराची खूण दोघींनाही ठाऊक नव्हती. एकेक अक्षर बोटांनी दाखवावं लागणार होतं. तिने उजवा हात वर केला. सं. धि. पुढच्या अक्षराला मधलं बोट वाकवायचं होतं. ते वाकलं नाही.

आईचा चेहरा उजळला. "संधी? कसली संधी? नवी नोकरी?"

खळीला हसू फुटलं. फार दिवसांनी फुटलं, आणि फुटलं ते आवरेना. हसता हसताच डोळे वाहायला लागले. आई गोंधळून तिच्याकडे बघत राहिली.

शेवटी खळीने बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात टेबलावर पसरून ठेवले, एखादी वस्तू दाखवायला ठेवावी तसे. कोपरांवर लाल, खवल्यांचे चट्टे होते. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे. उजव्या हाताचं मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजून टम्म झालं होतं, त्यातली अंगठी डाव्या हातात गेली होती.

आईने चष्मा लावला. वाकून एकेक बोट पाहिलं. मग राहिलेली अक्षरं तिनेच पुरी केली.

"संधिवात?"

"कातडीच्या आजारातून सांध्यांत उतरतो, तो. सोरायसिसचा." खळीने हे ओठांनी सावकाश म्हटलं आणि थोडं हातांनी. "असू शकतो."

"असू शकतो म्हणजे?"

"नक्की नाही. रक्तात सापडत नाही. तीन महिने थांबून बघू, डॉक्टर म्हणाले."

"आणि दुखणं? तेही थांबणार आहे का तीन महिने?"

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. खळीने मान हलवली. नाही.

आईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिचे हात आता हळू चालत होते. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगायला हेच हात लागतात ना, आई."

आई उठली. खुर्ची ओढून लेकीच्या अगदी समोर बसली आणि तिचे दोन्ही हात तिने आपल्या हातांत घेतले. दाबले नाहीत, चोळले नाहीत, नुसते धरले. लहानपणी रस्ता ओलांडतानासुद्धा आई तिचं मनगट धरायची, हात कधीच नाही. बोलायला हात मोकळे हवेत म्हणून.

दाराशी ठेवलेल्या पर्समधला फोन वाजायला लागला. तो फक्त खळीलाच ऐकू येत होता. सवयीने ती अर्धवट उठली, पुन्हा बसली, दाराकडे बघू लागली. फोन वाजून वाजून थांबला.

आईने हात सोडले नव्हते.